तळ्याकाठचा उतार आणि उणे तीस

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो. घरामागचं लॉन उतरत उतरत थेट एका लहान तळ्यापर्यंत जातं. गेल्या काही वर्षांत एक जपानी मेपल, एक रेडबड आणि एक शोभेची चेरी अशी तीन झाडं गेली. तिन्हींच्या लेबलवर आमचाच झोन लिहिलेला होता. शिवाय दर वसंतात काठाची माती थोडी थोडी पाण्यात घसरते. इथल्या थंडीला टिकणारी, इथलीच झाडं आणि पाण्याकाठचं गवत कसं निवडावं? आणि जाता जाता एक कुतूहल : उणे 30मध्ये उघड्यावर उभं असलेलं झाड गोठून मरत कसं नाही?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो. त्याचं उत्तर कळलं की तुमची तीन झाडं का गेली तेही बरंचसं उलगडतं.

झाड गोठतंच. फक्त कुठे गोठायचं ते ठरलेलं असतं. बर्फ पेशीच्या आत झाला तर पेशी संपली. दोन पेशींमधल्या पोकळीत झाला तर फारसं बिघडत नाही. ऑगस्ट सरत आला आणि दिवस आखूड व्हायला लागले की झाडाला ते पानांतून समजतं. शेंडा वाढायचा थांबतो, पुढच्या वर्षीचे डोळे मिटून तयार होतात, पेशींत साखर साठते आणि पेशींची आवरणं थंडीत ताठून फाटणार नाहीत अशी बदलतात. मग ऑक्टोबरात गोठत्या रात्री सुरू झाल्या की पेशी आपलं पाणी थोडं थोडं बाहेर सोडतात. बाहेर बर्फ आणि आत पाकासारखा दाट रस. भूर्ज, विलो, ॲस्पेन, टॅमरॅक ही उत्तरेची मंडळी या कामात इतकी तरबेज आहेत की त्यांना खालची मर्यादा जवळपास नाहीच. जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी 1960 साली दाखवून दिलं, की आधी सावकाश गोठवलेल्या काही फांद्या द्रवरूप नायट्रोजनच्या, म्हणजे उणे 196 अंश सेल्सियसच्या तापमानातूनही जिवंत बाहेर येतात.

ओक, मेपल, ॲश यांची तऱ्हा वेगळी. त्यांच्या लाकडातल्या काही पेशी पाणी बाहेर सोडत नाहीत. ते पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाऊनही द्रवच राहतं. ही युक्ती साधारण उणे 40पर्यंत चालते आणि तिथे एकदम संपते. (उणे 40 हा आकडा सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्हींत एकच, त्यामुळे निदान इथे तरी कुणाला हिशेब करायला नको.) अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बऱ्याच पानगळी झाडांची उत्तरेची हद्द जवळपास याच थंडीच्या रेषेवर का थांबते, त्याचं हे एक कारण. उत्तर मिनेसोटात टॉवर गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 60 फॅरनहाइट, म्हणजे उणे 51 सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. त्या भागातल्या जंगलात भूर्ज, ॲस्पेन, स्प्रूस आणि टॅमरॅक यांचंच राज्य का, ते यावरून कळेल.

तेव्हा थंडी सोसणं ही मुख्यतः वेळेवर तयारी करण्याची गोष्ट आहे. जानेवारीत उणे 30 हसत सोसणारं झाड ऑक्टोबरातल्या पहिल्या कडक रात्री दगावू शकतं, कारण तोवर त्याचं पाणी बाहेर पडलेलं नसतं. आणि हे वेळापत्रक रोपवाटिकेत शिकवता येत नाही, ते बियांतूनच येतं. रेड मेपल फ्लोरिडापासून कॅनडापर्यंत रानात उगवतो. शास्त्रीय नाव एक, पान तेच, शरदातला रंगही तसाच. पण दक्षिणेतल्या बियांचं रोप मिनेसोटात आणलं तर ते दक्षिणेच्याच घड्याळावर चालतं. सप्टेंबरभर वाढत राहतं आणि पहिल्या तडाख्यात शेंडे काळे पडतात.

तुमच्या रेडबडचं बहुतेक हेच झालं असावं. रेडबड हे आपल्या कांचनाच्या उपकुळातलं झाड. रानात ते मिनेसोटाच्या बऱ्याच दक्षिणेला सापडतं. तरी चॅनहॅसनच्या मिनेसोटा लँडस्केप आर्बोरेटममध्ये दर एप्रिल-मेमध्ये रेडबड गुलाबी होऊन उभा असतो, कारण तिथल्या थंडीतून वाचलेल्या झाडांच्या बियांपासून पुढची रोपं केली गेली. नर्सरीत ती ‘मिनेसोटा स्ट्रेन’ या नावाने मिळतात. मोठ्या साखळी दुकानात मिळणारा रेडबड मात्र कुठल्या राज्यातल्या बियांचा, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की नर्सरीत गेल्यावर ‘हे झाड कोणत्या झोनचं?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘याचं बी कुठलं?’ हेही विचारा. सरळ उत्तर आलं तर ती नर्सरी चांगली.

आता झोनविषयी. अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशावर 13 झोन आहेत आणि प्रत्येक झोन 10 अंश फॅरनहाइटचा, त्याचे ए आणि बी असे दोन अर्धे भाग. 2023मध्ये नवा नकाशा आला. त्यात 1991 ते 2020 या काळातल्या नोंदी घेतल्या आहेत आणि मिनियापोलिस परिसर 4बीमधून बराचसा 5एमध्ये गेला आहे. वाचून लोक खूश झाले, नर्सऱ्या त्याहून जास्त. पण हा आकडा म्हणजे दरवर्षीच्या सगळ्यात थंड रात्रीची 30 वर्षांची सरासरी. 5ए म्हणजे सरासरी उणे 20 ते उणे 15 फॅरनहाइट. 30 जानेवारी 2019ला याच मिनियापोलिसमध्ये उणे 28 झालं होतं. झाड सरासरीत जगत नाही, एका वाईट रात्री मरतं. दहा-पंधरा वर्षांत काढून टाकायच्या झुडपासाठी झोन 5 चालेल. नातवंडांनी ज्याला झोका बांधावा असं वाटतं, ते झाड झोन 4चं किंवा 3चंच घ्या.

शिवाय झोनमध्ये न मावणारी संकटं बरीच आहेत. फेब्रुवारीत ऊन तापतं, सदाहरित झाडाच्या पानांतून पाणी उडतं आणि जमीन तर गोठलेली, मुळं पाणी देऊ शकत नाहीत. एप्रिलमध्ये दक्षिणेकडची बाजू तांबूस झालेली दिसते आणि लोक म्हणतात थंडीने जळलं. ते खरं तर तहानेने गेलेलं असतं. कोवळ्या मेपलच्या बुंध्याची नैर्ऋत्येकडची साल दुपारच्या उन्हात जागी होते आणि सूर्य मावळताच गोठून फुटते. त्यासाठी नोव्हेंबरात पांढरं वेष्टन गुंडाळायचं आणि एप्रिलमध्ये न विसरता काढायचं. आणि मुळं फांद्यांइतकी चिवट नसतात. फांदी उणे 40 सोसेल, तरी त्याच झाडाची मुळं उणे 10-15 सेल्सियसला मरू शकतात. त्यांना जमिनीची आणि वर साचलेल्या बर्फाची दुलई वाचवते. बर्फ कमी पडलेला कोरडा, कडक हिवाळा म्हणूनच जास्त वाईट. कुंडीतलं झाड अंगणात ठेवलं तर ते दोन झोन दक्षिणेचं समजून घ्या, म्हणजे फसगत होणार नाही.

आता तुमचा उतार. एकदा पाण्यापाशी उभे राहा आणि घराकडे तोंड करून बघा. पायाखाली चिखल आहे. चार पावलं वर माती वसंतात ओली आणि ऑगस्टात भेगाळलेली. आणखी वर, लॉनच्या मध्यावर, साधी बागेची माती. या तीन पट्ट्यांना तीन वेगळी झाडं लागतात. तुमची चेरी बहुधा मधल्या पट्ट्यात गेली असणार, कारण चेरीला ओले पाय अजिबात चालत नाहीत.

पायाखालच्या चिखलासाठी टॅमरॅक. मला स्वतःला मिनेसोटातलं हे सगळ्यात आवडतं झाड. दिसायला स्प्रूससारखं सुईपर्णी, पण ऑक्टोबरच्या मध्यावर याच्या सुया सोनेरी होतात आणि सगळ्या गळून जातात. नवीन माणूस हमखास समजतो की झाड मेलं. कित्येक घरमालकांनी पहिल्याच वर्षी कुऱ्हाड लावल्याच्या कहाण्या इथे प्रत्येक माळी सांगतो. वसंतात त्याच काटक्यांवर छोट्या छोट्या झुबक्यांनी पोपटी सुया फुटतात. बोट लावून बघा, मऊ लागतात. उत्तर अमेरिकेत झाडं जिथवर उगवतात त्या शेवटच्या रेषेपर्यंत टॅमरॅक पोहोचतो, तेव्हा थंडीची चिंता सोडा. त्याला दोनच गोष्टी नकोत : सावली आणि कोरडी, तापलेली जमीन. पाण्याकाठी, पूर्ण उन्हात लावा.

मधल्या पट्ट्यात, जिथे कधी ओल आणि कधी कोरड, तिथे स्वॉम्प व्हाइट ओक. नावात दलदल आहे, पण तो दाबलेल्या, हवा नसलेल्या मातीतही उभा राहतो. न्यूयॉर्कच्या 9/11 स्मारकाच्या चौकात 400हून जास्त झाडं आहेत, ती बहुतेक सगळी हीच. पानाची वरची बाजू गडद हिरवी आणि खालची पांढुरकी मखमली, त्यामुळे वाऱ्यात सबंध झाड दोन रंगांत हलतं. हा मिनेसोटाच्या आग्नेय भागातला मूळचा रहिवासी. वसंतात ओकला पालवी उशिरा येते, त्याने घाबरू नका. हिवाळ्यात त्याच्या खोडातल्या पाणी वाहणाऱ्या मोठ्या नळ्या हवेच्या बुडबुड्यांनी निकामी होतात आणि नव्या तयार झाल्याशिवाय पानांना पाणी पोहोचत नाही. ओकची छाटणी मात्र एप्रिल ते जुलै या काळात अजिबात करू नका. ताज्या जखमेवर रस प्यायला येणारे भुंगेरे ओक विल्टची बुरशी घेऊन येतात.

याच पट्ट्यात रिव्हर बर्चही चालतो. भूर्ज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी साल येते, आणि इथे आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा पेपर बर्चच मागतो. मी तो शहरात लावू नका असंच सांगतो. पेपर बर्चला गार, सावलीतली, पानांनी झाकलेली जमीन हवी. लॉनच्या तापलेल्या मातीत तो दुबळा होतो आणि ब्राँझ बर्च बोरर नावाचा किडा वरच्या फांद्यांपासून त्याला संपवत येतो. रिव्हर बर्चची साल बदामी-गुलाबी, कागदाच्या पापुद्र्यांसारखी सुटणारी. हा बोरर त्याला सहसा त्रास देत नाही. पण त्याला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मेट्रो भागातल्या नवीन वसाहतींत बांधकामाची माती पुष्कळदा अशीच असते, तेव्हा आधी माती तपासून घ्या. मिनेसोटा विद्यापीठाची माती परीक्षण प्रयोगशाळा थोड्या शुल्कात हे काम करते.

वरच्या पट्ट्यात बर ओक. जाड, बुचासारखी साल, खोल सोटमूळ, दुष्काळ आणि वणवा दोन्ही सोसणारा. सावकाश वाढतो एवढीच तक्रार. त्याच्या खाली दोन-तीन जूनबेरी लावा. मे महिन्यात पांढरा बहर, जूनच्या शेवटी जांभळी फळं, आणि तुम्ही सकाळी उशिरा उठलात तर ती सगळी पक्ष्यांची.

आता गवत. तुमचा खरा प्रश्न इथे आहे आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात.

लॉनचं केंटकी ब्लूग्रास मूळचं युरोपातून आलेलं आहे. त्याची मुळं वीतभरही खोल जात नाहीत. पाण्याच्या लाटा, मार्च-एप्रिलमध्ये फुटून काठावर चढणारा बर्फ आणि वरून येणारं पावसाचं पाणी यांच्यासमोर त्या वीतभर मुळांचं काय चालणार? म्हणून माती घसरते. शिवाय कापलेलं लॉन म्हणजे कॅनडा गूजना आमंत्रण. आखूड गवतात त्यांना चरायला मिळतं आणि कोल्हा लांबून दिसतो. काठावर कमरेएवढं गवत वाढलं की ते पाण्यातून वर चढायला बिचकतात.

काठावरच्या पहिल्या ओळीला सेज लावा. सेज म्हणजे आपल्या लव्हाळ्याचं, नागरमोथ्याचं कुळ. ओळखायची खूण शेतावर काम केलेल्या कुणालाही माहीत आहे : दांडा चिमटीत धरून फिरवा, तीन धारा बोटांना लागतील. गवताचा दांडा गोल आणि पोकळ, त्यावर पेरं असतात, सेजचा भरीव. टसॉक सेज तर वर्षानुवर्षं आपल्याच जुन्या पात्यांवर आणि मुळांवर उभं राहत गुडघ्याएवढे उंचवटे तयार करतं. दलदलीत पाय न भिजवता चालायला बेडकांना आणि पक्ष्यांना तेच उपयोगी पडतात. या भागातल्या ओल्या कुरणांतल्या सेजच्या पात्यांवर एके काळी मोठा धंदा चालला होता. सेंट पॉलची क्रेक्स कार्पेट कंपनी 20व्या शतकाच्या सुरुवातीला हे ‘वायर ग्रास’ कापून त्याच्या सतरंज्या आणि गालिचे विणायची. विस्कॉन्सिनमध्ये ग्रँट्सबर्गजवळचं क्रेक्स मेडोज हे अभयारण्य त्या कंपनीच्या जुन्या जमिनीवर आहे. तुमच्या काठाला टसॉक सेजबरोबर फॉक्स सेज मिसळा, ते लवकर पसरतं आणि पहिल्या दोन वर्षांत माती धरायचं काम करतं.

एक-दोन फूट पाण्यात सॉफ्टस्टेम बुलरश. हिरव्या गोल काठ्यांसारखं दिसतं, पाती जवळपास नाहीतच. लाट त्याच्यातून येताना मोडते. पण मस्करॅट नावाच्या पाणउंदराला त्याचे कोंब फार आवडतात, म्हणून पहिल्या वर्षी जाळीचा पिंजरा लावावा लागतो.

सेजच्या मागे प्रेरी कॉर्डग्रास. हे माणसाएवढं उंच वाढतं, मुळं दोन मीटरच्या खाली जातात आणि जमिनीखालच्या चिवट खोडांचं जाळं काठ शिवून टाकतं. पूर्वी प्रेरीत वस्ती करणारे याने छपरं शाकारायचे. त्याच्या पात्याची कड मात्र करवतीसारखी, हातमोज्यांशिवाय ओढलं तर हात कापतो. मुलं खेळतात त्या वाटेवर लावू नका. मधे मधे ब्लू फ्लॅग आयरिस आणि स्वॉम्प मिल्कवीड घाला. मिल्कवीड आपल्या रुईच्या कुळातलं. आपल्याकडे रुईवर जशी प्लेन टायगर फुलपाखराची अळी वाढते, तशी इथे यावर मोनार्कची. पिवळ्या फुलांचा आयरिस कुणी प्रेमाने दिला तरी घेऊ नका. तो युरोपातला आहे आणि पाण्याकाठी शिरला की सगळं गिळतो. रीड कॅनरी ग्रास, पर्पल लूसस्ट्राइफ आणि युरोपी फ्रॅग्माइट्सचं तेच. फ्रॅग्माइट्सच्या बाबतीत गोंधळ होतो, कारण त्याची इथली मूळची जातही आहे. ती विरळ उगवते आणि तिचा दांडा उन्हाळ्यात तांबूस, गुळगुळीत दिसतो. परदेशी जात मात्र भिंतीसारखी दाट येते.

काही जण वाइल्ड राइस लावायचा का, असं विचारतात. ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात, त्यांच्या जगण्यात त्याचं स्थान फार मोठं आहे, आणि 1977पासून ते मिनेसोटाचं राज्यधान्य आहे. पण त्याला हळू वाहतं, स्वच्छ पाणी हवं. रस्त्याचं पाणी साठणाऱ्या उपनगरी तळ्यात ते तग धरत नाही. दुकानातून आणून खिचडी करा, छान होते.

खोदायच्या आधी तीन फोन करा. पहिला 811ला. ते जमिनीखालच्या वायरी आणि पाइप खुणा करून देतात, पैसे लागत नाहीत. दुसरा तुमच्या नगरपालिकेला किंवा वसाहतीच्या संघाला. कित्येक ‘तळी’ खरं तर पावसाचं पाणी साठवायला खणलेली असतात आणि काठ तुमच्या मालकीचा नसतो. तिसरा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाला. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यातली वनस्पती काढायला आणि नवी लावायला त्यांचा परवाना लागतो. आणि खत घालायचंच असेल तर बिनफॉस्फरसचं. 2005पासून मिनेसोटात लॉनवर फॉस्फरसयुक्त खत घालायला, थोडे अपवाद सोडता, बंदीच आहे. फॉस्फरस तळ्यात गेला की ऑगस्टात शेवाळाचा हिरवा थर येतो, त्यासाठी.

रोपं मेअखेर ते जूनमध्ये लावा, हातभर अंतरावर. बी पेरणार असाल तर नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी. सेजचं बी ओल्या थंडीत काही महिने राहिल्याशिवाय नीट रुजत नाही. तेवढं काम हिवाळा फुकट करून देतो.

प्रश्न : सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणतात, एवढं उंच गवत घराजवळ ठेवलंत तर साप आणि डास येणारच. काय सांगू?
— एक वाचक, विस्कॉन्सिन

उत्तर : सासूबाईंचं सांगलीसाठी अगदी बरोबर आहे. उपनगरातल्या तळ्याकाठी दिसतो तो बहुधा गार्टर साप, निरुपद्रवी. वरच्या मिसिसिपीच्या भागात विषारी रॅटलस्नेक नदीकाठच्या कड्यांच्या प्रदेशात आहे, तुमच्या लॉनवर नाही. डास साचलेल्या, मासे नसलेल्या पाण्यात होतात : तुंबलेली पन्हाळ, उलटी न केलेली बादली, जुना टायर. आधी ते बघा. चतुरांना बसायला उंच दांडे मिळाले तर ते डासांवर तुटून पडतात. खरी काळजी घ्यायची ती गोचिडाची. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते आणि उंच गवताच्या टोकावर माणसाची वाट बघत असते. म्हणून पाण्यापर्यंत चार फूट रुंद वाट कापून ठेवा आणि घरात आल्यावर मुलांच्या पोटऱ्या, गुडघ्यामागच्या खोबणी तपासा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेतून बर्चचे फोटो पाठवतो. वाईजवळ आमच्या शेताला ओढा लागून आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावावर दवबिंदू गोठतात, मग त्याच्या पायथ्याशी बर्च येणार नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही येणार. वेण्णा तलावाकाठी दव गोठतं ते एखाद-दुसऱ्या पहाटेपुरतं, दहा वाजेपर्यंत स्वेटर उतरवावा लागतो. बर्चला झोपायला काही महिन्यांची सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर डोळे नीट फुटत नाहीत आणि वाईच्या एप्रिलमध्ये झाड वाळतं. हिमालयातला भूर्जही खाली उतरत नाही, तो 3000 मीटरच्या वरच बरा असतो.

तुमच्या ओढ्याला विलोचा देशी भाऊ आहे, वाळुंज. सह्याद्रीतल्या नद्यांच्या काठी तो मूळचाच, ओल्या फांदीचं छाटही रुजतं. बरोबर उंबर, करंज, जांभूळ. काठाची माती धरायला वाळा : त्याची मुळं आडवी न पसरता सरळ तीन-चार मीटर खाली जातात. 1980च्या दशकात जागतिक बँकेने मृदसंधारणासाठी त्याचा प्रचार केला आणि आज तो जगभरात बांधांवर लावला जातो. दोन वर्षांनी एखादा ताटवा उपटून मुळं धुऊन माठात टाका. बर्चपासून हे सुख मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या दारातला मोठा ॲश वरून वाळत चालला आहे, साल पांढुरकी दिसते. थंडी जास्त झाली का?
— एक वाचक, सेंट पॉल

उत्तर : थंडी नाही. एमराल्ड ॲश बोरर. हा हिरवा चकचकीत भुंगेरा पूर्व आशियातून आला, 2002मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि 2009मध्ये तुमच्याच शहरात. अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात. त्या खायला सुतारपक्षी वरची साल सोलतात, म्हणून ती फिकट दिसते. बुंध्यावर इंग्रजी डी अक्षरासारखी तीन-चार मिलिमीटरची भोकं शोधा. वरच्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वाळल्या असतील तर परवानाधारक वृक्षतज्ज्ञ खोडात औषध टोचून झाड वाचवू शकतो. ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. त्याहून जास्त वाळलं असेल तर पैसे घालवू नका. लवकर काढून घ्या, कारण मेलेला ॲश ठिसूळ होतो आणि कापणाऱ्याच्या अंगावर येतो. मिनेसोटात सुमारे 100 कोटी ॲश आहेत. 1970च्या दशकात डच एल्म रोगाने रस्तोरस्तीचे एल्म नेले, तेव्हा त्यांच्या जागी पुष्कळ ठिकाणी ॲशच लावले गेले. तुम्ही त्या जागी ओक लावलात तर पुढच्या झाडासाठी शेजाऱ्याने काय लावलंय ते बघून दुसरं काहीतरी निवडा.

वाचकांना एक विनंती. प्रश्नाबरोबर पानांचा फोटो सगळेच पाठवतात, बुंध्याच्या तळाचाही एक पाठवा. कुंडीतून काढलेली पुष्कळ झाडं गरजेपेक्षा खोल लावलेली असतात. खोड जमिनीत शिरताना रुंद होऊन मुळं फुटताना दिसलं पाहिजे. ते विजेच्या खांबासारखं सरळ आत गेलेलं असेल तर आधी तिथली माती हाताने बाजूला करा आणि मग मला लिहा.